साहेबाच्या काखेतील छडी

जुलै २०२३मध्ये भारतीय नौदलाने एक छोटासा आदेश काढला. नौदलातील कोणत्याही अधिकाऱ्याने वा नौसैनिकाने यापुढे हाती छडी बाळगू नये, ही प्रथा तत्काळ बंद करण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता. प्रत्येक आस्थापनेच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक समारंभीय छडी असावी आणि पदभार सोपवताना ती तेथल्या तेथे नव्या प्रमुखाच्या हाती देता यावी, एवढीच मुभा ठेवण्यात आली. आदल्याच वर्षी, २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोची येथे नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस उतरला होता आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी आकृती त्यावर विराजमान झाली होती. त्या घटनेची जेवढी चर्चा झाली तेवढी छडीची झाली नाही. ते स्वाभाविकच होते. ध्वज सर्वांना दिसतो. छडी काखेत असते.

पण सैन्यातून गेलेली वस्तू जगातून जात नाही. ती ट्रंकेत जाते, माळ्यावर जाते, भंगारवाल्याकडे जाते आणि अखेरीस संग्राहकाच्या कपाटात येऊन विसावते. ब्रिटिश लष्कराच्या जुन्या 'स्वॅगर स्टिक' जमवणाऱ्या हौशी मंडळींचा एक मोठा वर्ग आज जगभर आहे. इंग्लंडमधील लिलावांत त्यांची देवघेव चालते, तशीच आपल्याकडेही मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी दिवे आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगात एखादी वेताची छडी डोके वर काढते. ज्या राजवटीने आपल्यावर दीडशे वर्षे हुकूमत गाजवली, तिच्या हुकमतीचे हे चिन्ह आपण जमवावे काय? जमवायचे तर कोणत्या बुद्धीने? प्रश्न छंदाचा दिसतो. पण तो एका समाजाच्या स्मृतीचा आहे, म्हणूनच त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. 'स्वॅगर' म्हणजे ऐटीत चालणे. साधारणतः ६० ते ७० सेंटिमीटर लांबीची, चालताना आधाराला निरुपयोगी आणि लढताना शस्त्र म्हणून कुचकामी अशी ही छडी. वेत, बांबू, शिसवी किंवा आबनुसी लाकूड यांची ती बनवीत. काहींवर चामड्याचे आवरण असे. वर धातूची मूठ, खाली शेंबी, आणि मुठीवर ठसवलेले पलटणीचे चिन्ह. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३९च्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश लष्करातला साधा शिपाई सुट्टीच्या वेळी बराकीबाहेर फिरायला निघाला की त्याच्या हाती ही छडी असे. ती तो बहुधा स्वतःच्या पगारातून विकत घेई. गोऱ्या शिपायाने रस्त्यावरून जाताना खिशात हात घालून पोक काढून चालू नये, हा तिचा व्यावहारिक उपयोग. म्हणजे रिकाम्या हाताला काम देण्यासाठी निर्माण झालेली ही वस्तू होती.

काठ्यांचे हे कुळ मात्र मोठे आहे आणि संग्राहकाने त्यातील भेद जाणले पाहिजेत. घोडदळाचा अधिकारी छडीऐवजी चाबूक बाळगी. सार्जंट मेजरच्या हातातली कंपासासारखी उघडणारी काठी ही 'पेस स्टिक'. तिने पावलांचे अंतर मोजले जाते आणि तिचे जनकत्व तोफखाना स्वतःकडे घेतो. रणगाडा दलाचे अधिकारी अ‍ॅश लाकडाची लांब काठी बाळगतात, कारण पहिल्या महायुद्धात रणगाड्यापुढे पायी चालून चिखलाची जमीन वजन पेलेल की नाही हे काठी रोवून पाहावे लागे. आयरिश पलटणींत ब्लॅकथॉर्न झाडाची गाठाळ काठी दिसते. यातील प्रत्येक काठीला काहीतरी काम होते वा मातीशी काही नाते होते. स्वॅगर स्टिक तेवढी निव्वळ ऐटीची. आणि ऐटीच्या वस्तू सत्तेविषयी जेवढे बोलून जातात तेवढे कामाच्या वस्तू बोलत नाहीत.

सत्ता आणि काठी यांचे नाते इंग्रजांनी शोधून काढलेले नाही. रोमन सेनेतील शतपती द्राक्षवेलीची काठी बाळगी आणि तिने शिपायांना बडवी. लुसिलियस नावाच्या एका शतपतीला शिपायांनी 'दुसरी आण' असे टोपणनाव ठेवले होते, कारण एक काठी पाठीवर मोडली की तो दुसरी मागवीत असे. इसवी सन १४मधील सैनिकांच्या बंडात त्याला ठार करण्यात आले, असे इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवले आहे. आपल्या भाषेत तर काठी आणि शिक्षा या दोन्हींसाठी एकच शब्द आहे - दंड. कौटिल्याने दंडाचा विचार करताना राजाला बजावले आहे, की दंड अति कठोर झाला तर प्रजा भयभीत होते, अति सौम्य झाला तर राजाची अवहेलना होते. यथायोग्य दंड धारण करणाराच आदरास पात्र ठरतो. दंडाला न्यायाचे अधिष्ठान हवे, ही आपली धारणा. ते अधिष्ठान निघाले की उरते ती केवळ काठी.

इंग्रजी अमदानीत या काठीमागे कोणता न्याय उभा होता? फटक्यांच्या शिक्षेचा इतिहासच पाहावा. १८३५ साली बेंटिंकने देशी शिपायांची फटक्यांची शिक्षा रद्द केली. १८४५मध्ये ती पुन्हा सुरू झाली. १८८१ साली ब्रिटिश सैन्यातून ही शिक्षा कायमची हद्दपार झाली. भारतीय सैन्यातून ती जायला १९२० साल उजाडावे लागले. एकाच राजाची चाकरी, एकच रणभूमी. पण गोऱ्या पाठीला चाबकापासून संरक्षण मिळाल्यानंतर काळ्या पाठीला त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे थांबावे लागले. १९१९ साली लष्करी कायद्याच्या काळात पंजाबात नागरिकांनाही उघड्यावर फटके मारण्यात आले आणि गोरा अधिकारी दिसताच सलाम करण्याची सक्ती गुजरांवाला येथे झाली. स्वॅगर स्टिकने कोणी फटके मारीत नसे, हे खरे. फटक्यांचे साधन वेगळे होते. परंतु जिच्या मागे फटका उभा असतो, त्या काठीला मारावे लागत नाही. तिने नुसते काखेत असणे पुरते. लंडनच्या रस्त्यावर जी छडी शिपायाच्या रिकाम्या हातांची सोय होती, तीच छडी छावणीच्या बाजारात आपल्या माणसाच्या डोळ्यांना वेगळी दिसत होती.

मग अशी वस्तू जाळूनच का टाकू नये? काहींना तसे वाटेल. आमचे मत तसे नाही. पारतंत्र्याची चिन्हे जपण्याचे दोन प्रकार असतात. एक मिरवण्याचा आणि दुसरा जाणून घेण्याचा. दिवाणखान्यात छडी टांगून 'जुन्या साहेबी थाटाची' आठवण म्हणून तिच्याकडे कौतुकाने पाहणे हा पहिला प्रकार. त्यात मानसिक दास्य लपलेले असते. वस्तूला साक्षीदार मानून तिची उलटतपासणी करणे हा दुसरा प्रकार, आणि तो स्वतंत्र माणसाला शोभणारा आहे. साक्षीदार नकोसा आहे म्हणून त्याला कोणी नष्ट करीत नाही. पुरावा नष्ट झाला तर लाभ कोणाचा होतो, हे सांगण्याची गरज नाही.

आणि ही छडी साक्ष देते, फक्त ती वाचता आली पाहिजे. मुठीवरील चिन्हात मुकुट असतो, तो आधी पाहावा. १९०१पर्यंत व्हिक्टोरियाच्या मुकुटाची घडण निराळी. १९०१पासून १९५०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत राजांच्या काळातला ट्यूडर मुकुट. पुढे एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत सेंट एडवर्ड मुकुट. २०२२ साली चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर मुकुटाचा स्वीकार केला, त्यामुळे केवळ मुकुटावर विसंबून जुनेपण ठरवणे आता धोक्याचे झाले आहे. भारतीय पलटणींच्या बाबतीत खूण अधिक स्पष्ट आहे. २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभावरील सिंह आले. ब्रिटिश पायदळात १८८१पूर्वी पलटणींची ओळख क्रमांकाने होई, त्यानंतर परगण्यांच्या नावांनी. मूठ चांदीची असेल तर तिच्यावर बारीक ठसे असतात. चालणारा सिंह अस्सल चांदीचा, नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचे मुख लंडनचे, आणि एक अक्षर वर्षाचे. भिंगाखाली धरलेली एक मूठ अशा रीतीने आपली जन्मतारीख स्वतः सांगते.

मराठी वाचकाला यातील एक उदाहरण विशेष जवळचे वाटेल. जुन्या मुंबई सैन्यातील पायदळ पलटणींच्या क्रमांकांत १९०३ साली शंभर मिळवण्यात आले. पाचवी बॉम्बे लाइट इन्फंट्री १०५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, दहावी ११०वी झाली, सतरावी ११७वी झाली. १९२२ साली पुन्हा फेररचना होऊन या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन बनल्या. म्हणजे ज्या छडीच्या मुठीवर १०५, ११० किंवा ११७ हा आकडा मराठ्यांच्या नावासह कोरलेला असेल, ती या एकोणीस वर्षांतली. आणि ही एकोणीस वर्षे सामान्य नव्हेत. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत उपासमार सोसून अखेर शरणागती, आणि मग तुर्कांच्या कैदेतील पायपीट, असे ते प्रकरण आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून या पलटणींत भरती होई. जुन्या बाजारातील फळीवर पडलेल्या वीतभर धातूवरील तीन आकडे वाचता आले, तर एवढा इतिहास समोर उभा राहतो. वाचता आले नाहीत, तर ती एक काठी.

या छंदातली फसवणूक त्याच्या लोकप्रियतेबरोबर वाढली आहे, हेही नवख्यांनी ध्यानात ठेवावे. जुन्या साध्या वेतावर नवी मूठ बसवणे हा सर्वांत सोपा प्रकार. टोपीवरच्या बिल्ल्याचा साचा घेऊन मूठ ओतली जाते आणि आम्लात बुडवून तिला वय दिले जाते. खऱ्या छडीत वेत, मूठ आणि शेंबी ही तिन्ही सारख्याच वयाने झिजलेली असतात. अंगठा जेथे टेकतो तेथील ठसा गुळगुळीत होतो आणि शेंबीची कड एका बाजूने घासलेली असते. मूठ शंभर वर्षांची आणि शेंबी कालची, असे दिसले की सावध व्हावे. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदीचा लेशही नसतो, ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण; तरीही चांदी म्हणून ते विकले जाते. पहिल्या महायुद्धातील शिपायांनी बंदुकीच्या .३०३ काडतुसाच्या पुंगळ्या बसवून तयार केलेल्या छड्या खंदकांतील हस्तकलेचा नमुना म्हणून मोलाच्या आहेत. पण पुंगळी जुनी म्हणून छडी जुनी, असे होत नाही. पुंगळीच्या बुडावरील वर्ष हे फक्त तिच्याआधी छडी झाली नसावी, एवढेच सिद्ध करते.

जतनाच्या बाबतीत अतिउत्साह हाच मोठा शत्रू आहे. ब्रासो लावून मूठ आरशासारखी घासणारा मनुष्य दरवर्षी इतिहासाचा एकेक थर पुसत असतो. शे-दीडशे वर्षे टिकलेले ठसे दोन दिवाळ्यांच्या साफसफाईत नाहीसे होतात. मऊ कोरडे फडके, वेताला क्वचित थोडे मेण, आणि ओल व कडक ऊन यांपासून दूर आडवी ठेवलेली छडी, एवढे पुरेसे आहे. नवे पॉलिश, नवा रंग, नवी शेंबी यांचा मोह टाळावा. वस्तूचे व्रण हाही तिच्या जबानीचाच भाग असतो.

कायद्याचीही जाण हवी. १९७२च्या पुरावशेष आणि कलासंपदा अधिनियमानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातील छड्या आता या मर्यादेत आल्या आहेत, त्यामुळे परदेशी ग्राहक मिळाला म्हणून पार्सल करण्यापूर्वी दहादा विचार करावा. हस्तिदंती मूठ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. ब्रिटनमध्येही जून २०२२पासून हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. आत पाते दडवलेली गुप्तीसारखी छडी ही आपल्या शस्त्रविषयक नियमांत शस्त्र म्हणून गणली आहे. ती घेण्यापूर्वी आपल्या भागात परवाना लागतो किंवा नाही, याची चौकशी पोलीस ठाण्यात करणे इष्ट. राष्ट्राचा वारसा जपण्याची भाषा करणाऱ्याने राष्ट्राचे कायदे आधी जपले पाहिजेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या छड्यांविषयी जे काही व्यवस्थित लिहिलेले आहे, ते बहुतांशी इंग्रजांनी, इंग्रजांच्या दृष्टीने लिहिलेले आहे. पलटण कोणती, चांदीचा कारागीर कोण, वर्ष कोणते, येथपर्यंत त्यांच्या नोंदी अतिशय चोख असतात आणि त्यांच्या या शिस्तीचे कौतुकच केले पाहिजे. परंतु छावणीतील ज्या धोब्याने, भिस्त्याने, शिपायाने ती छडी रोज पाहिली, तिच्यापुढे कधी वाकला आणि कधी वाकला नाही, त्याची नोंद त्या सूचींत नाही. ती नोंद फक्त आपल्याकडेच मिळू शकते. खडकी, देवळाली, कामठी, बेळगाव, अहमदनगर - आजचे अहिल्यानगर - येथे गोऱ्या फौजांच्या छावण्या पिढ्यानपिढ्या होत्या. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची ब्रिटिश तुकडी गेटवे ऑफ इंडियाखालून बोटीत चढली. माणसे गेली, वस्तू मागे राहिल्या. काही विकल्या गेल्या, काही बक्षीस मिळाल्या, काही निवृत्त सुभेदारांच्या घरी आल्या. त्या घरांतील जे वृद्ध 'ही छडी अमक्याची, अमक्या वर्षी मिळालेली' असे सांगू शकत होते, ती पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांची नातवंडे घर आवरताना मूठ सोनाराकडे आणि काठी चुलीकडे पाठवतात. त्या क्षणी जे जळते ते लाकूड नसते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या अशा सामान्य माणसाच्या सामान्य वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि दिवंगत पुत्राच्या नावाने उभे राहिलेले ते संग्रहालय अखेरीस समाजाच्या हाती सोपवले. अडकित्त्यातही एक संस्कृती असते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. संग्रहाचा अर्थ साठा नव्हे, हा त्यांच्या कार्याचा धडा. साठा किमतीकडे पाहतो; संग्रह अर्थाकडे पाहतो. साठ्याचा मालक एकटा असतो. संग्रह कधीतरी सर्वांचा होतो.

तेव्हा ज्यांना हा छंद आहे, त्यांनी तो अवश्य जोपासावा. मात्र प्रत्येक छडीसोबत एक कागद ठेवावा. ती कोठे मिळाली, कोणाच्या घरातून आली, त्या घरातील कोण कोणत्या पलटणीत होते, घरच्यांनी तिच्याविषयी काय सांगितले, हे त्यावर साध्या मराठीत, तारखेसह लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी, तिला खरेपणाचा मुलामा देऊ नये. छायाचित्र काढून जवळच्या संग्रहालयाला वा इतिहास मंडळाला त्याची प्रत द्यावी. हा कागद नसेल तर चांदीच्या मुठीची छडीही मुकी. हा कागद असेल तर साध्या निकेलची छडीही बोलकी. आणि ज्यांना हा छंद नाही, त्यांनी निदान आजोबांची ट्रंक विकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसावे, एवढीच अपेक्षा आहे.

छडी टाकणे केवळ आपल्यालाच सुचले, असेही नाही. १९६० साली अमेरिकेच्या मरीन दलाचे प्रमुख जनरल शूप यांनी ती ऐच्छिक केली आणि ज्याला तिची गरज भासते त्याने ती खुशाल बाळगावी, असे सांगितले. त्यातील मर्म ओळखून बहुतेकांनी ती ठेवून दिली. शेजारच्या पाकिस्तानात मात्र २०१६ आणि २०२२ साली लष्करप्रमुख बदलताना मलाक्का वेताची छडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि साऱ्या देशाचे डोळे तिच्यावर खिळले होते. एका वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. भारतीय नौदलाने आपली दृष्टी २०२३ साली स्पष्ट केली. अधिकार हा हातातील वेतात नसतो, तो कर्तव्यात आणि सहकाऱ्यांच्या विश्वासात असतो, हे मान्य केल्यानंतर छडी आपोआपच निष्प्रभ होते.

निष्प्रभ झालेल्या छडीची भीती बाळगण्याचे कारण नाही आणि तिचे कौतुक करण्याचेही कारण नाही. तिचे योग्य स्थान साहेबाच्या काखेत नाही, आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवरही नाही. ते आहे अभ्यासकाच्या मेजावर, भिंगाखाली, शेजारी लिहिलेल्या कागदासह. ज्या काठीपुढे आपल्या पूर्वजांना सलाम करावा लागला, तिला आज आपण प्रश्न विचारू शकतो, हे स्वातंत्र्याचे लहानसे पण निश्चित फळ आहे. ते चाखायचे असेल तर प्रश्न विचारण्याची तसदी घेतली पाहिजे.